जुन्या .२२ हॉर्नेटची काडतुसं घरी भरताना कुठली गोळी घ्यावी?

तुम्ही विचारलंय: सासऱ्यांकडून १९३०च्या दशकातली .२२ हॉर्नेट (हे छोट्या काडतुसाचं नाव) रायफल आली, घरी काडतुसं भरायला शिकलात, ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) टोकदार गोळ्या आणल्या आणि ५० यार्डांवरच त्या कागदाला आडव्या लागतायत. नळी खराब झाली का?

बहुधा नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि माझ्याकडे त्याच काळातली हॉर्नेट आहे. पहिल्या खेपेला मीही खोक्यावर .२२४ (गोळीचा व्यास, इंचांत) वाचून ५५ ग्रेनच्याच गोळ्या आणल्या होत्या. कागदात गोल भोक पडायच्या जागी चाफ्याच्या कळीएवढी लांबट फट पडली. तो कागद मी अजून ठेवलाय. गोळी उडताना डळमळली आणि कडेवर पडली, इतकाच त्याचा अर्थ.

कारण नळीच्या पिळात, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचांत आहे. हॉर्नेटच्या जुन्या नळ्यांना १६ इंचांत एक फेरा असतो. हे काडतूस १९३० साली बाजारात आलं तेव्हा त्याची गोळी ४५ ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमहूनही कमी वजनाची होती. आज त्या वजनाच्या गोळीला सेकंदाला २,७०० फुटांच्या आतबाहेर वेग मिळतो. तेवढ्या आखूड गोळीला तो पीळ पुरतो. गोळी स्थिर राहणं हे वजनापेक्षा तिच्या लांबीवर ठरतं, आणि आपण सगळे खोक्यावरचं वजन बघूनच खरेदी करतो. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये तोफगोळ्यांसाठी एक हिशोब मांडला होता. तो इथे लावला, तर १६ इंची पिळाला साधारण १२ मिलिमीटर लांबीची गोळी झेपते. हा अंदाज हात राखून केलेला आहे, थोडी जास्त लांबी चालून जाते. पण माझ्या त्या ५५ ग्रेनच्या गोळ्या पाऊण इंचाच्या आसपास, म्हणजे १८-१९ मिलिमीटर होत्या!

म्हणून खरेदीआधी दोन मापं घ्या. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका) काढून ठेवा. पहिलं माप पिळाचं. ज्याची मूठ मोकळी फिरते असा सफाईचा गज घ्या, त्यावर घट्ट फडकं बसवून नळीत ढकला. गजावर केलेली खूण पूर्ण एक फेरा घेईपर्यंत गज किती आत गेला ते मोजा.

दुसरं माप जास्त महत्त्वाचं. सुरुवातीच्या हॉर्नेट नळ्या पिळाच्या खाचांच्या तळाशी ०.२२३ इंचाच्या असत, नंतर ०.२२४ रूढ झालं. नळीला तेलाचा हात फिरवा, शुद्ध मऊ शिशाचा गोळा तोंडाकडून हलक्या हाताने ठोकत आरपार न्या आणि मायक्रोमीटरने मोजा. ०.२२३ भरलं तर त्याच मापाची हॉर्नेटची गोळी शोधा. सिएरा कंपनीने तशा गोळ्या केलेल्या आहेत. आपल्या मनाने जाड गोळी चालवू नका, दाब वाढतो. इथे नावांचा एक घोळ आहे: .२२३ रेमिंग्टन या काडतुसात ०.२२४चीच गोळी असते. तेव्हा काडतुसाचं नाव बघू नका, गोळीचा व्यास बघा.

गोळी निवडताना मी आधी सपाट बुडाची बघतो. निमुळत्या बुडाची गोळी त्याच वजनाला लांब होते आणि या अंतरांवर तिचा काही फायदा नाही. हॉर्नेटची केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, मात्र कागदासारखी पातळ. सपाट बुडाची गोळी जरा तिरकी बसली तरी केसचं तोंड दुमडतं, म्हणून तोंडाची आतली कड आधी हलकेच तासून घ्या. प्लास्टिकच्या टोकाची गोळी घेतलीत तर भरलेलं काडतूस मॅगझिनमध्ये बसतंय का ते बघा. बऱ्याचदा लांबी जास्त होते, मग एकेक हाताने घालावं लागतं.

ग्राउंडहॉगची (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) शिकार करणार असाल तर गोळीतल्या शिशावरच्या धातूच्या कवचाकडे नीट लक्ष द्या. .२२-२५० सारख्या वेगवान काडतुसांसाठीच्या गोळ्यांचं कवच जाड असतं. हॉर्नेटच्या वेगाला त्या उमलत नाहीत, आरपार जातात, आणि जखमी जनावर बिळात जाऊन तडफडत मरतं. असं एकदा माझ्या हातून झालंय; ते अजून मनातून जात नाही. हॉर्नेटसाठीच बनवलेल्या पातळ कवचाच्या गोळ्या घ्या: ४५ ग्रेनची शिशाच्या मऊ टोकाची, स्पीअरची ३३ ग्रेन किंवा हॉर्नेडीची ३५ ग्रेन व्ही-मॅक्स. माझ्या नळीला ३५ ग्रेन आवडते, तुमची नळी कदाचित ४५ मागेल. कॅलिफोर्नियात असाल तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून बिनशिशाची गोळी त्याच वजनाला लांब होते. तिथे ३०-३५ ग्रेनच्या वर जाऊ नका.

दारू किती घालायची ते मी मुद्दाम लिहीत नाही. ही केस इतकी छोटी आहे की एखाद-दोन दशांश ग्रेननेही फरक पडतो. त्याच गोळीचं, त्याच दारूचं छापील कोष्टक घ्या, सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू करा. आणि भारतातून कोणी हे वाचत असेल तर: तिथे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

उरलेल्या ५५ ग्रेनच्या गोळ्या फेकू नका. कोणाकडे .२२३ रेमिंग्टन असेल तर त्याला द्या, त्यात त्या सरळ जातील.