घरच्या स्टुडिओत हार्डवेअर किती, सॉफ्टवेअर किती?

सोलापुरात घरच्या खोलीत गाणी करायचीत, तर मिक्सर-सिंथ (सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) घ्यावेत की सगळं लॅपटॉपवरच भागवावं, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते आवाज आत येईपर्यंत हार्डवेअर, पुढचं सगळं सॉफ्टवेअर. म्हणजे दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), डायनॅमिक माइक, आवाज बाहेर न सांडणारे बंद पाठीचे हेडफोन, छोटा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधली वाद्यं वाजवायला). शेजारी यंत्रमाग असेल तर जास्त संवेदनशील असा कंडेन्सर माइक त्याचा खडखडाटही इमानेइतबारे टिपेल. डायनॅमिक अगदी जवळ धरून गायलं की खडखडाट बराच मागे राहतो. मिक्सर आत्ता नकोच. ईक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणं), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणं), रिव्हर्ब (घुमारा) हे सगळं रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये सोबतच येतं आणि नंतर हवं तसं बदलता येतं.

गाताना बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल धरले तर, तो जेमतेम २.७ मिलिसेकंद होतो. १०२४ ला २१ च्या पुढे जातो आणि हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून गाणारा अडखळतो. मिक्सिंगला मात्र १०२४ च बरा, लॅपटॉपला दम मिळतो. (मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करताना तुम्हालाही दम लागेलच.)

खोली घुमते? गाणाऱ्याच्या मागे दोन-तीन सोलापुरी चादरी टांगा. बास थांबणार नाही, पण गळ्यापुरतं काम होतं. सिंथ बटणं फिरवायची हौस असेल तरच घ्या.