छेदातली करणी घालवताना

नववीत हे गणित बहुतेकांना इथंच अडतं, तेव्हा घाबरू नकोस. तू पाठवलेल्या ६/(३+√३) मध्ये छेदातली करणी, म्हणजे पूर्ण न सुटणारं √३ सारखं मूळ, घालवायची आहे. छेदात ३+√३ आहे म्हणून तू पुन्हा ३+√३ नेच गुणलंस. त्याचा वर्ग १२+६√३, म्हणजे करणी तिथंच राहिली. गुणायचं ३−√३ ने, त्याच्या अनुबद्ध जोडीने, म्हणजे पदं तीच, फक्त मधलं चिन्ह उलट. मधली पदं कटतात आणि उरतं ९−३, म्हणजे ६.

६/(३+√३) = ६(३−√३)/६ = ३−√३

किती सुटसुटीत झालं बघ!

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- चिन्ह फक्त मधलं बदल. दोन्ही पदांची बदललीस तर −३−√३ होतं आणि काहीच कटत नाही.
- अंश आणि छेद दोघांनाही गुण. घाईत अंश राहून जातो, सगळ्यात जास्त गुण तिथंच जातात.
- छेदात √१२ असेल तर आधी २√३ कर.

छेदात नुसता √२ असेल तर जोडी शोधूच नकोस, √२ नेच गुण.

तीन पदांचे छेद सध्या सोड. गणेश चवथीच्या सुट्टीत, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधून झाली की, ४/(√७−√३) सोडव. उत्तर √७+√३ आलं पाहिजे. नाही आलं तर सगळ्या पायऱ्या लिहून पाठव, मी बघतो.