साझ मिळत नाही म्हणून बेल्जियन एल अडत नाही

तुमचा प्रश्न: '20 लिटर बेल्जियन ब्लाँड एल (सोनेरी बिअर) करायची आहे. रेसिपीत साझ आणि स्टिरियन गोल्डिंग हे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आहेत, संभाजीनगरात दोन्ही मिळेनात. हाताशी मॅग्नम आणि कॅस्केड आहेत. चालतील का?'

मॅग्नम चालेल. कॅस्केड परत डब्यात ठेवा.

बेल्जियन एलची चव यीस्टची असते. लवंगेचा वास, केळ्याचा वास, सगळं त्याचंच. हॉप्सनी मागे उभं राहून गोडवा आवरायचा, बस. कॅस्केड शेवटच्या दहा मिनिटांत पडला की त्याचा पपनशी वास त्या लवंगेवर चढून बसतो. येसराच्या आमटीत लिंबाचं लोणचं कालवल्यासारखं होतं. 'हॉप्स जास्त म्हणजे बिअर भारी' म्हणणाऱ्यांशी माझं हेच भांडण आहे, आणि ते मिटायचं नाही.

आता माप. ग्रॅमला ग्रॅम बदली कधीच करू नका, पाकिटावरचा अल्फा, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे टक्के, वाचा. जुने ग्रॅम गुणिले जुना अल्फा, भागिले नवा अल्फा. 3.5 टक्क्यांचा साझ 50 ग्रॅम सांगितला असेल, तर 12.5 टक्क्यांचा मॅग्नम फक्त 14 ग्रॅम. 1.060 घनतेच्या वर्टमध्ये (माल्टच्या गोड पाण्यात) तासभर उकळून त्यातून साधारण 18 आयबीयू (कडवटपणाचं माप) मिळतो. ब्लाँडला 15 ते 30 पुरे. तोच मॅग्नम 50 ग्रॅम ओतला, तर आकडा 65 च्या आसपास जातो आणि यीस्टने कितीही जीव काढला तरी तोंडात कारलंच येतं. नवख्यांची नव्वद टक्के रड इथलीच.

हा हिशेब पहिल्या, कडवटपणाच्या मात्रेपुरता. शेवटच्या मात्रेत अल्फा नाही, वास बघायचा. तिथे वजन तेवढंच ठेवून जवळचा वाण घ्या. साझला टेटनांगर सगळ्यात जवळ. स्टर्लिंगही चालतो, पण त्याचा अल्फा दुप्पट असतो, म्हणून थोडा उशिरा टाका. स्टिरियन गोल्डिंगच्या नावावर जाऊ नका, तो मूळचा फगल या इंग्लिश हॉपच्या घराण्यातला. म्हणून आधी फगल शोधा, मग ईस्ट केंट गोल्डिंग. यातलं काहीच नसेल, तर शेवटची मात्रा सरळ वगळा. ब्लाँड त्याने बिघडत नाही.

पाकीट फोडल्यावर जुन्या चीजचा, घामट पायमोज्याचा वास आला, तर ते फेकून द्या. आपल्याकडे मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पडलेलं पाकीट असंच होतं. उरलेले पेलेट (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) हवा काढून फ्रीझरमध्ये.

बोअरचं पाणी वापरत असाल, तर वरचं सगळं निम्मं वाया. आपल्या काळ्या दगडातलं पाणी बहुतेक जड असतं, बायकार्बोनेटमुळे मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच चढतो आणि तोच 18 आयबीयू घशाला रखरखीत लागतो. निम्मं आरओचं पाणी मिसळा, मॅशचा पीएच 5.2 ते 5.5 मध्ये आणा, मग हॉप्सना दोष द्या.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती असली तरी. ओळखीच्या मायक्रोब्रुअरीत 20 लिटरचा ट्रायल लावू देतात का, ते विचारून बघा. तिथे टेटनांगरही बहुधा फ्रीझरमध्ये पडलेला असेल.