चेतकची जाळी काढून पळवावी का?

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्याकडं वडिलांची १९८६ ची बजाज चेतक आहे. बरीच वर्षं पडून होती, मागच्या दिवाळीत सगळं इंजिन खोलून बांधून घेतलं, सिलेंडर आतून घासून बोअर केला, नवा पिस्टन टाकला. तेव्हा मिस्त्रीनं कार्बोरेटरवरची जाळी काढून ठेवली, म्हणला जुन्या गाडीला फिल्टर बिल्टर काही लागत नाही, इंजिनला मोकळी हवा घेऊ द्या. खरंच पिकअप वाढला अन् आवाज पण भारी येतो. पण आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, गाडी चालू राहत नाही, कधी आपोआप रेस वाढते, आणि मे महिन्यात तेलगावहून धारूरचा घाट चढताना इंजिन एकदम जाम झालं, थंड झाल्यावर परत चालू झालं. मित्र म्हणतो बाहेरचा कोन फिल्टर लाव. जाळी बसवावी का तशीच पळवावी?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर: भाऊ, जाळी परत बसवा. आणि बसवेपर्यंत गाडी घाटात नेऊच नका.

तुमच्या चेतकचं इंजिन मूळ व्हेस्पाच्या घराण्यातलं, टू-स्ट्रोक, १४५ सीसीचं. फोर-स्ट्रोकमध्ये बाहेरची हवा सरळ सिलेंडरात जाते, टू-स्ट्रोकमध्ये ती आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात उतरते, म्हणजे हवेबरोबर आलेली धूळ बोअरला लागायच्या आधी क्रँकच्या बेरिंगला अन् कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेरिंगला लागते. पेट्रोलमधलं ऑइल तिथं असतंच, त्यात आपल्याकडची खडीची भुकटी मिसळली की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार झाली समजा, आणि ती फिरत्या बेरिंगमध्ये जाऊन बसते.

पण चेतकमध्ये याहून मोठी गोष्ट आहे. या इंजिनात हवा आत घ्यायचा वेगळा व्हॉल्व्ह नाही, क्रँकचा जो गोल पाट आहे तोच फिरता फिरता क्रँककेसचं हवेचं तोंड उघडतो आणि बंद करतो. पाट आणि केस यांच्यात फट इतकी कमी ठेवलेली असते की ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजावी लागते. तिथून एक बारीक खडा गेला तरी ॲल्युमिनियमच्या केसवर ओरखडा पडतो. पिस्टन गेला तर नवा मिळतो, बोअर परत करता येतो, बेरिंग बदलता येतं, पण केसवरची तोंडाभोवतीची ती पट्टी एकदा खरवडली की साध्या वर्कशॉपात तिला इलाज नाही, लोक मग भंगारवाल्याकडं जुनी केस शोधत फिरतात. तुम्ही एवढा खर्च करून इंजिन बांधलंय म्हणून कळकळीनं सांगतो.

आता घाटातलं. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, कंपनीनं जाळी बसलेली आहे असं धरून ठरवलेले असतात. जाळी काढली की हवा जास्त अन् पेट्रोल कमी, मिक्श्चर पातळ होतं आणि इंजिन तापतं. आणि टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळं पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. वर मे महिन्यातलं ऊन, चढ, नवा पिस्टन. जाम होणारच होतं, थोडक्यात सुटलात. आयडलिंगचंही तेच, तुमच्या कार्बोरेटरचे पायलट जेट आणि मेन जेट दोन्ही जाळीच्या खालीच, माथ्यावर असतात, जाळी गेली की तिथली हवेची सगळी चाल बदलते.

पिकअप वाढला तो खोटा नाही. पण मला वाटतं तुमची जाळी वर्षानुवर्षांच्या ऑइलनं अन् मातीनं तुंबलेली असणार, तुंबलेली जाळी काढली की गाडी पळणारच. तुम्ही तुलना घाण जाळीशी केली, स्वच्छ जाळीशी करून बघा आणि मग मला कळवा. शर्यतीवाले फिल्टर काढतात हे खरं आहे, पण ते जेट मोठे टाकतात आणि इंजिन सारखं खोलत असतात. जेट मोठा करून मिक्श्चरचा प्रश्न सुटेल, धुळीचा नाही सुटणार, आणि ऊसतोडीच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरच्या मागं मागं गाडी चालवलीय त्याला धूळ काय हे मी वेगळं सांगायला नको.

जाळी साफ करणं अवघड नाही. इंजिनच्या बाजूची डिकी काढा, पत्र्याच्या चौकोनी डब्याचं झाकण दोन स्क्रूंवर असतं, आत कार्बोरेटरच्या डोक्यावर जाळी बसते, तिचेही दोन स्क्रू. हे स्क्रू काढताना हात सांभाळा, एखादा कार्बोरेटरच्या तोंडात पडला तर सरळ क्रँकपर्यंत जातो. उघड्या जागेत, आसपास विडी-काडी नसताना जाळी पेट्रोलमध्ये हलवून धुवा, शेवटी पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घालून एकदा बुडवा आणि निथळू द्या, ऑइलचा हलका हात राहिला की बारीक धूळ तिथंच धरली जाते. उन्हाळ्यात आणि कच्च्या रस्त्यावर रोजचं जाणं असेल तर महिन्याला एकदा बघत जा. बॉडीपासून डब्यापर्यंत येणारा रबराचा भाताही बघा, तो फाटलेला असेल तर मागच्या चाकानं उडवलेली माती आत येते आणि जाळीवर सगळा भार पडतो.

कोन फिल्टर विसरा, तुमच्या कार्बोरेटरला तो धड बसत नाही.

इतके महिने उघडी पळाली तर केसची तपासणी मात्र करून घ्या. कार्बोरेटर काढायचा, क्रँक असा फिरवायचा की खालचं तोंड पाटानं पूर्ण झाकलं जाईल, मग त्यात थोडं टू-टी ऑइल ओतायचं. ऑइल तसंच उभं राहिलं तर केस चांगली आहे. बघता बघता खाली उतरलं तर पट्टी घासली गेलीय. डब्यात पेट्रोल-ऑइल उलटं उडून साचत असेल तर तेही त्याचंच लक्षण. जाळी बसवल्यावर नवा प्लग टाकून गाडी पळवा आणि प्लग बघा, चॉकलेटी रंग आला तर मिक्श्चर बरोबर, पांढरा पडला तर अजून पातळ आहे, घाटाला लागू नका. ऑइल लिटरला २० मिली, अंदाजानं नाही, मापानं.

प्रश्न: माझी विजय सुपर स्कूटर आहे. हवेचा रबरी पाइप फाटून गेला, फिल्टरचा डबा पण नाही, सध्या कार्बोरेटरला कापड बांधून चालवतो. चालेल का? – एक वाचक, उदगीर

उत्तर: कापड आजच काढा. ओलं झालं की हवा अडते, धागा सुटला की आत ओढला जातो. तुमची गाडी लॅम्ब्रेटाच्या बनावटीची, तिच्यात हवेचं तोंड पिस्टनच उघडतो-मिटतो, त्यामुळं चेतकसारखी केसची भीती नाही, पण बोअर, रिंगा आणि क्रँकचं बेरिंग धुळीनं तसंच खराब होणार. लॅम्ब्रेटाचे पार्ट अजून मिळतात, पाइप आणि डबा दोन्ही मागवा, आणि पाइपच्या दोन्ही टोकांना क्लिप घट्ट लावा. ते येईपर्यंत गाडी घरीच ठेवलेली बरी.