विमानाचे इंजिन बसवलेली जुनी गाडी कोणत्या कंपनीची, हे कसे ओळखावे?

खानापूरकडच्या एका जुन्या बंगल्याच्या शेडमध्ये लांबलचक बॉनेटची उघडी गाडी उभी आहे, घरातले लोक तिच्यात विमानाचे इंजिन असल्याचे सांगतात, तर समोरच्या बिल्ल्यावरून तिची कंपनी कळेल का, असे आपण विचारले आहे. कळणार नाही. अशा गाडीत सर्वांत खोटारडा भाग बिल्लाच असतो, आणि एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या दाजींचा व माझा वाद १९८६ सालापासून चालू आहे.

त्या वर्षी निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीत अशीच एक गाडी विक्रीला होती. दाजी मध्यस्थ होते, गिऱ्हाईक कोल्हापूरचे होते, आणि बेळगावच्या उद्यमबागेत माझे लेथचे वर्कशॉप असल्यामुळे ‘जरा नजर टाक’ म्हणून त्यांनी मला सोबत नेले. समोर रोल्स-रॉईसच्या धाटणीची उभी जाळी आणि तिच्यावर चकचकीत बिल्ला होता. दाजींनी गिऱ्हाइकाला ती रोल्स-रॉईस असल्याचे आधीच सांगून ठेवले होते.

मी जाळीतून बॅटरीचा उजेड पाडला, तर मागे रेडिएटरच नव्हता. पाण्याचा एकही नळ नव्हता. होते ते दोन मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रे. बॉनेट उघडल्यावर क्रँककेस (मुख्य दांड्याची पेटी) वर आणि थंडाव्यासाठी पातळ कडा असलेले चार सिलिंडर खाली लोंबत असलेले दिसले. प्लग मोजले, तर चार सिलिंडरना आठ. इंजिनाखाली तेलाचे तसराळे नव्हते, तेलाची टाकी वेगळी बसवलेली होती. क्रँककेसवरची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तेव्हा डी हॅविलँडचे नाव उमटले. ते टायगर मॉथ विमानाचे जिप्सी मेजर इंजिन होते : हवेने थंड होणारे, ११८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १४० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे), म्हणजे सव्वासहा लिटरला थोडेसे कमी. विमानाचा पंखा लागतो ते टोक मागे फिरवून क्लचला जोडले होते, त्यामुळेच विमानात मागे असणारे मॅग्नेटो येथे पुढे आले होते. असे टोक फिरवले की चाकांपर्यंत पोहोचणारी फिरण्याची दिशाही उलटते, आणि गाडीला पुढे एक व मागे तीन-चार गिअर मिळतात. म्हणून बनवणाऱ्याने मागच्या धुऱ्यातील क्राऊन व्हील, म्हणजे चाकांना फिरवणारे मोठे दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला घेतले होते. ते काम पाहून मला त्या अनोळखी मेस्त्रीला हात जोडावेसे वाटले.

मी हे सर्व गिऱ्हाइकासमोरच बोललो आणि सौदा मोडला. ‘तुझ्या शहाणपणाने गिऱ्हाईक गेले,’ हे वाक्य दाजी आजही प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. माझे म्हणणे असे की, ‘विमानाच्या इंजिनाची, हाताने घडवलेली गाडी’ असे खरे सांगून विकली असती तर गिऱ्हाईक टिकलेही असते.

आपल्या गाडीविषयी सांगायचे, तर ‘कंपनी कोणती’ हा प्रश्नच सोडून द्यावा आणि चासी (खालचा सांगाडा), इंजिन व बॉडी यांची ओळख वेगवेगळी पटवावी. इंग्लंडमध्ये काउंट लुई झ्बोरोव्स्की याने १९२१ मध्ये मर्सिडीजच्या चासीवर मायबाखचे सहा सिलिंडरचे २३ लिटरचे विमान-इंजिन चढवले. त्याच्याच पुढच्या एका गाडीत २७ लिटरचे बारा सिलिंडरचे लिबर्टी इंजिन होते. त्यांना एका कंपनीचे नाव कसे देणार? चासीचा क्रमांक मुख्य पट्ट्यांवर ठोकलेला असतो, गंज खरवडून तो शोधावा. इंजिनात सिलिंडरची संख्या, दोन रांगा असल्यास त्यांमधील कोन आणि थंड करण्याची पद्धत पाहावी. लिबर्टीचा कोन ४५ अंशांचा, तर रोल्स-रॉईसच्या मर्लिन या विमान-इंजिनाचा ६० अंशांचा असतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग एवढ्यावरून इंजिन विमानाचेच ठरत नाही, कारण आगीच्या जुन्या बंबांमध्येही तशी दुहेरी व्यवस्था असे. उलट, कर्टिसच्या ओएक्स-५ या विमान-इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे एकच प्लग होता. शिवाय मर्लिनसारखेच दिसणारे मीटिऑर हे इंजिन रणगाड्याचे आहे, त्याला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसतो. वखारीतले इंजिन पाहून दाजी त्या वेळी ‘हे बंबाचे असेल’ असे पुटपुटले होते, आणि निव्वळ प्लगांपुरते ते अगदीच चुकीचे नव्हते. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

इंजिनाचे दोन्ही बाजूंनी आणि मागच्या धुऱ्याचे खालून फोटो काढून येथे टाकावेत. बिल्ल्याचा टाकला नाही तरी चालेल.