पायथनमध्ये एरर आला की डिस्कॉर्डवर विचारू की स्टॅक ओव्हरफ्लोवर?

नेमकं काय अडलंय तेच कळत नसेल तर डिस्कॉर्डवर, म्हणजे ग्रुप चॅटवर विचारा, आणि एरर नेमका हाताशी असेल तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर. मी दोन्हीकडे उत्तरं देतो. चॅटवर समोरचा लगेच उलट विचारतो, व्हर्जन कुठलं, पूर्ण ट्रेसबॅक (एररचा सगळा मजकूर) टाका, आणि थोड्याच वेळात कळतं की पिपने (पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या टूलने) पॅकेज कॉम्प्युटरवरच्या भलत्याच पायथनमध्ये टाकलंय म्हणून मॉड्यूल-नॉट-फाउंड एरर येतोय. पण ते बोलणं वर सरकून जातं, गूगलवर येत नाही, पुढच्याला काडीचा उपयोग नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर २००८ पासूनची उत्तरं आजही सापडतात. फक्त तिथे आधी शोधा, तोच प्रश्न परत टाकला तर डुप्लिकेट म्हणून बंद करतात. आणि कोडचा स्क्रीनशॉट कुठेच नको, टेक्स्टच पेस्ट करा.