मराठीतून बोलणारा, जात आणि लैंगिकता दोन्ही समजून घेणारा थेरपिस्ट पुण्यात कसा शोधावा?

नांदेडजवळच्या गावातून पुण्यात नोकरीला आलात, घर बौद्ध, तुम्ही मुलगी, प्रेमही एका मुलीवर, आणि घरी स्थळं बघणं सुरू आहे. एका समुपदेशक बाई तुम्हाला म्हणाल्या, ‘आता शहरात जात कोण बघतं?’ दुसरीकडे ऐकायला मिळालं, ‘लग्न झालं की मन रमेल.’ जात आणि लैंगिकता दोन्ही समजून घेणारं, तेही मराठीत बोलणारं कुणी असतं का, आणि मायला आधी सांगू की थेरपिस्टला, असं तुम्ही विचारलंय.

असतं. मी लातूर जिल्ह्यातला, बौद्ध घरातला, गे आहे. मी ज्यांच्याकडे जातो त्या थेरपिस्ट माझ्या जातीच्या नाहीत आणि समलिंगीही नाहीत. तरी तिथे मला सगळं बोलता येतं. हे आधी सांगतोय, कारण आपल्याकडचे बरेच जण ‘आपल्यातलाच’ माणूस मिळेपर्यंत थांबून राहतात, आणि तोवर झोप उडालेली, जेवण जात नाही, असे महिने निघून जातात. आपल्यातला मिळाला तर उत्तमच, कितीतरी गोष्टी समजावून सांगायचे कष्ट वाचतात. पण पुण्यात आपलं वर्तुळ लहान आहे. तोच विहार, तेच वसतिगृहातले सीनियर, तेच ग्रुप. थेरपिस्ट कितीही सचोटीचा असला तरी ‘हा माझ्या मामाला ओळखतो’ हे डोक्यात असलं की तोंड उघडत नाही. शिवाय समाजातला माणूस म्हणजे सगळं समजणारा, असंही नसतं. जातीवर तासभर अचूक बोलणारे लोक मी पाहिलेत, जे समलिंगी नात्याचा विषय निघाला की ‘हे पैसेवाल्यांचे प्रश्न’ म्हणून मोकळे होतात. आणि क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा लोकांसोबत फार चांगलं काम करणारे, पण जातीचं नाव काढलं की अवघडून गप्प होणारे समुपदेशकही भेटलेत. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: दोन्ही गोष्टी थेट विचारा, वेगवेगळ्या विचारा, आणि पैसे भरायच्या आधी विचारा.

नावं कुठून मिळवायची ते आधी सांगतो. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने २०१९ पासून क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचा, म्हणजे क्वीअर असणं आजार न मानता सन्मानाने समुपदेशन कसं करायचं याचा, अभ्यासक्रम चालवलाय. शिकवणारे स्वतः क्वीअर आणि ट्रान्स समुदायातले, याच क्षेत्रात काम करणारे लोक आहेत. तो पूर्ण केलेल्या समुपदेशकांची यादी त्यांच्याकडे मिळते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉल या समुपदेशन हेल्पलाइननेही एक यादी केलीय, लोकांनी स्वतःच्या अनुभवावरून सुचवलेल्या भरवशाच्या थेरपिस्टांची. दलित-बहुजनांपर्यंत ही मदत पोहोचावी म्हणून दिव्या कंदुकुरी यांनी ब्लू डॉन हा गट उभा केला. त्यांना लिहून नाव सुचवायला सांगता येतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. लैंगिकतेवर मराठीतून बोलणारी माणसं शोधायची तर अशा संस्थांशी जोडलेल्या लोकांना विचारणं हा मला सगळ्यात खात्रीचा रस्ता वाटतो. यादीत नाव असणं ही फक्त सुरुवात धरा.

नाव मिळालं की पदवी बघा. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषधं देऊ शकतात, त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते आणि नोंदणी क्रमांक मागितला तर राग यायचं काही कारण नाही. नुसती ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. चांगले, एम.ए. करून मन लावून काम करणारे समुपदेशक भरपूर आहेत, म्हणून कुठे शिकलात आणि सध्या कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे दोन प्रश्न विचाराच. देखरेख म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या कामाची नियमित चर्चा. ती करणारा माणूस स्वतःला तपासत राहतो.

आता फोन. बहुतेक जण पहिल्या भेटीआधी दहा-पंधरा मिनिटं बोलतात, बरेचदा त्याचे पैसे घेत नाहीत. मी हे विचारलं होतं: तुमच्याकडे दलित किंवा आदिवासी लोक येतात का, आणि जातीचा विषय खोलीत कसा हाताळता? समलिंगी असण्याबद्दल तुमचं मत काय? माझ्या घरच्यांनी तुम्हाला फोन करून ‘याला समजवा’ म्हटलं तर काय कराल? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त कस लागतो. ‘मी घरच्यांचीही बाजू ऐकून घेईन’ असं उत्तर आलं की मी फोन ठेवायचो. तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांशी एक शब्दही बोलणार नाही, हे क्षणाचाही विचार न करता आलं पाहिजे.

‘मी जातपात मानत नाही, सगळी माणसं सारखी’ हे उत्तर ऐकायला गोड असतं, आणि तुमच्या त्या पहिल्या बाईंचंही तेच होतं. बोलणाऱ्याची नियत बहुतेक वेळा चांगली असते. पण तुम्ही सांगणार की ऑफिसात आडनाव विचारून झाल्यावर टीममधलं वागणं बदललं, किंवा कॉलेजात ‘तुमचं काय, कोट्यातून झालं’ असं ऐकलं, आणि समोरून येणार ‘तुम्ही जास्त मनाला लावून घेताय का?’ म्हणजे जे घडलं ते खरंच घडलं का, हे सिद्ध करण्यात तुमचा अर्धा तास जाणार. त्यापेक्षा ‘माझं या बाबतीतलं वाचन कमी आहे, चुकलं तर सांगा, शिकायची जबाबदारी माझी’ असं म्हणणारी व्यक्ती मला कितीतरी जास्त चालते. माझ्या थेरपिस्ट हेच म्हणाल्या होत्या. त्या सवर्ण आहेत, हेही त्यांनीच आधी सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे भले भले समुपदेशक चुकतात. ती म्हणजे घर. पुस्तकातला सल्ला असा असतो की घरचे स्वीकारत नसतील तर अंतर ठेवा, सीमा आखा, स्वतःचं आयुष्य जगा. आता आपलं घर बघा. गावात, शाळेत, बाजारात जात अंगावर येते, आणि संध्याकाळी जिथे ती दाराबाहेर राहते ती एकच जागा म्हणजे घर आणि वस्ती. चौदा एप्रिलला ज्या मिरवणुकीत माझी छाती फुगते, तिच्यातच मला ‘यंदा पोराचं उरकून टाका’ म्हणणारे काका चालत असतात. बापाने कर्ज काढून शिकवलं, घरातला मी पहिला पदवीधर, महिन्याला पैसे मीच पाठवतो. हे घर मला लपायला लावतं आणि हेच घर मला उभंही ठेवतं. त्याला सोडण्याची किंमत कोथरूडच्या सवर्ण घरातल्या मुलाला पडते तेवढीच मला पडेल असं धरून चाललं, तर सल्ला कितीही आधुनिक असला तरी तो माझ्यासाठी नाही. तुमच्या बाबतीत यावर मुलगी असण्याचं ओझं आणखी आहे. एकटं राहण्याची परवानगी, रात्री उशिरा येणं, धाकट्या बहिणीच्या स्थळावर होणारा परिणाम, सगळं त्यात आलं.

म्हणून पहिल्या एक-दोन भेटींत घराबद्दल बोला आणि समोरचा माणूस काय करतो ते बघा. तो तुमच्या मायबापाला लगेच खलनायक ठरवतो का? की उलट, ‘त्यांचंही बरोबर आहे’ म्हणून तुम्हाला लग्नाकडे वळवतो? की विचारतो, ‘घरात कुणाजवळ तुम्हाला मोकळं वाटतं? पैसे पाठवणं तुमच्यासाठी काय आहे? त्यांना कळलं तर वस्तीत त्यांचं काय होईल अशी भीती वाटते?’ असे प्रश्न विचारणारी व्यक्ती मिळाली तर तिला धरून राहा.

भाषेचंही तसंच. मी इंग्रजीत थेरपी घेऊन पाहिलीय. वाक्यं बरोबर यायची, पण रडू यायचं नाही. आजी गेली ते मी माझ्या बोलीत सांगितलं तेव्हा कुठे बांध फुटला. थेरपिस्टला मराठवाड्याची बोली बोलता आली पाहिजे असं नाही, पण तुम्ही तशी बोललात तर तिने हसू नये, सुधारू नये, न कळलेला शब्द सरळ विचारावा.

‘लग्न झालं की मन रमेल’ म्हणणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे, आणि इथे कायदाही तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, हे तुम्हाला माहीतच असेल. त्यापुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी हा विषय आपल्याला नीट समजत नाही असं सांगून निकालाआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजून घेतला, आणि ७ जून २०२१ च्या आदेशात समलिंगी व्यक्तींना ‘बरं’ करण्याच्या उपचारांना मनाई केली. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे कुणा डॉक्टरने तुम्हाला ‘बदलायचा’ प्रयत्न केला तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. न्यायमूर्ती शिकायला तयार होतात, तर थेरपिस्टकडून ती अपेक्षा ठेवण्यात काहीच गैर नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही लक्षात ठेवा. समाजाच्या रूढ नैतिक किंवा सांस्कृतिक चालीत न बसणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असं त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवांत जात, वर्ग, लैंगिक कल यांवरून भेदभाव करता येत नाही, हे कलम १८ मध्ये आहे.

पैशाचं बोलायचं तर पुण्यात एका तासाचे हजार ते अडीच हजार सहज सांगतात. ‘तुमच्याकडे उत्पन्नानुसार फी आहे का?’ हे विचारायला लाजू नका, अनेक जण काही जागा कमी फीसाठी राखून ठेवतात. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी गेलं तरी काम होतं. शोध चालू असताना रात्री-बेरात्री जीव नकोसा वाटला तर वाट बघू नका, १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. तिथे जातीबद्दल, प्रेमाबद्दल सगळं सांगायची गरज नाही. ‘मला आत्ता सुरक्षित वाटत नाही’ एवढं पुरतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्या मते थेरपिस्टला आधी सांगा. मायला सांगण्याची घाई तुमच्यावर कुणी, थेरपिस्टनेही, लादू नये. सांगायचं का, कधी, कुणाच्या सोबतीने, नोकरी आणि राहायची जागा पक्की झाल्यावर की आत्ता, हे तिथे बसून सावकाश ठरवता येतं. थेरपिस्टलाही पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागत नाही. ‘मला घरच्या लग्नाच्या दबावाबद्दल बोलायचंय’ इथून सुरू करा. तुमचं बोलणं गुप्त ठेवणं २०१७ च्याच कायद्याच्या कलम २३ नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले, तर ते कुणालाही सांगता येत नाही. हे अपवाद कोणते, ते पहिल्याच भेटीत त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या आणि मग मुलीचं नाव सांगायचं की नाही ते ठरवा.